पालथं पडून पाहायचा समुद्र

पोटावर पडायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि पाहत राहायचं. स्नॉर्कलिंग म्हणजे एवढंच. पोहता यायलाच हवं असंही नाही, लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं. आळशी माणसाला बक्षीस मिळावं असे खेळ फार थोडे. त्यांतला हा एक.

अंदमानला गेलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेल गाठतो, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो आणि मग बोटीने हॅवलॉकला निघतो. 2018 साली बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, पण बोलण्यात अजून हॅवलॉकच चालतं. तिथल्या एलिफंट बीचवर मुळांसकट आडवी झालेली, उन्हाने पांढरीफटक पडलेली झाडं आहेत, आणि त्यांच्याआडून पुण्या-ठाण्याचे आवाज येतात. ‘अहो, माझा चष्मा धरा!’ मास्कच्या आत चष्मा चालत नाही. बिघडत नाही; पाण्याखाली सगळंच तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं.

काचेवर वाफ धरू नये म्हणून गाइड पोरगा मास्कमध्ये थुंकायला सांगतो. रस्त्यावर बेधडक पिचकाऱ्या मारणारे गृहस्थही इथे संकोचून इकडेतिकडे पाहतात.

पहिले काही श्वास धाकधुकीचे. नाक बंद, तोंडात नळी, कानात स्वतःचाच घरघराट. तो संथ झाला की मागचा आवाज ऐकू येऊ लागतो. कढईत मोहरी तडतडावी तसा, चहूबाजूंनी. नांगी फटकन मिटणाऱ्या इवल्या कोळंब्यांचा तो उद्योग. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने धावतो, त्यामुळे तो कुठून येतोय हे कानांना उमगत नाही.

पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत बसवलेला लाल खडा, ही आपली ओळख. इथे तेच खानदान तपकिरी, हिरवट, निळ्या टोकांचं, पसरलेलं. दिसतं दगडासारखं, पण हजारो चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत. त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ त्यांना अन्न देतं, रंगही देतं. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. 2010 मध्ये अंदमानात तसं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. तो पांढरा रंग फोटोत सुंदर येतो, हे आणखी वाईट.

त्या सगळ्यात पोपटमासा माझा लाडका. हिरवा-निळा, गुलाबी कडांचा, चोच असलेला. प्रवाळ खरवडतो तेव्हा करकर चक्क ऐकू येते. जरा त्याच्या मागे राहिलात तर शेपटीखालून पांढरा ढग सुटताना दिसेल. ती वाळू! किनाऱ्यावर नवी जोडपी बदाम काढून ज्या वाळूत नावं लिहितात, तिच्यात ह्याच्या पोटातून आलेला वाटा असतो. कार्टूनपटातल्या क्लाउनफिश निमोचंही तसंच, वरून गोड आणि आत वेगळीच गोष्ट. सिनेमात आई गेल्यावर बाप त्याला शोधत फिरतो. खऱ्या क्लाउनफिशमध्ये मादी गेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. पिक्सारला ते झेपलं नसतं.

अडचण एकच, घाई. गाइड रबरी ट्यूबला धरून पर्यटकाला ओढत नेतो, पाव टाकून मासे गोळा करतो, फोटो काढतो, की चला परत. त्याला सांगा, ‘भाऊ, पाव नको, ओढू नकोस, इथेच थांबू या.’ एकाच खडकावर निवांत तरंगलात तर बिळात दडलेले जीव हळूहळू बाहेर येतात. सबंध किनारा फिरून तेवढं दिसणार नाही.

पाठ भाजते, तेव्हा क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. आणि दम लागला म्हणून प्रवाळावर उभे राहू नका. घुमटासारखं प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. थकलात तर उताणे व्हा. पाय टेकायचेच असतील, तर वाळू बघून टेका.