मोतीचा उपवास

नागपूरच्या नंदनवन वसाहतीत राहणाऱ्या एका जैन कुटुंबाचा इतवारीत किराण्याचा ठोक व्यापार आहे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात दुकानाच्या ओट्याखाली भिजत बसलेले कुत्र्याचे पिलू या घरच्या नातीने पदराआड लपवावे तसे ओढणीत गुंडाळून घरी आणले. तांबूस रंगाचे, उभ्या कानांचे, अगदी गावठी. त्याचे नाव मोती ठेवले गेले. घरात कांदा-लसूण येत नाही, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. त्याच चुलीवरचे अन्न मोतीच्याही वाट्याला आले.

मात्र मोती पहिल्यापासून चोखंदळ. पोळी गरम असेल तर खाणार; गार झाली की हुंगून तोंड फिरवणार. वरण-भात कालवून दिला तर वरण चाटून शिते वाडग्यात तशीच ठेवणार. ‘काहून नाही खात रे बाबू?’ हा आजींचा रोजचा प्रश्न आणि मान वळवून दाराकडे पाहणे हे मोतीचे रोजचे उत्तर. पुढे घराला त्याची सवय झाली. मोती खात नाही, हे वाक्य त्या घरात पाऊस पडतो आहे या वाक्याइतके साधे होऊन बसले.

त्या वर्षीच्या दशलक्षण पर्वात ही सवयच घात करणार होती. आजींचे दहाही दिवस एकाशन होते, सूनबाईंचे एकाआड एक उपवास. उत्तम संयमाच्या दिवशी मोतीने सकाळचे अन्न सोडले, संध्याकाळीही वाडगे हुंगले नाही. दुसरा दिवस उत्तम तपाचा. त्या दिवशी तर तो व्हरांड्याच्या कोपऱ्यातून उठलाच नाही. आजींनी कौतुकाने ही गोष्ट मंदिरात सांगितली. ऐकणाऱ्यांनीही हात जोडले. कोणी म्हणाले, पूर्वजन्मीचा व्रती जीव असावा. घरी दर्शनाला आलेल्या दोघी-तिघींनी मोतीच्या मस्तकावरून हात फिरवला. तो डोळे मिटून पडून राहिला आणि त्याचे ते पडून राहणेही शांत परिणामांचे लक्षण ठरले.

तिसऱ्या दिवशी नात महाविद्यालयातून आली. तिने मोतीचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या कागदासारख्या फिकट होत्या आणि कानाच्या मागे गोचिडांचा घोस लटकत होता. ‘आजी, हा उपवास नाही. हा आजारी आहे,’ एवढेच ती बोलली आणि बाबांना दुकानातून बोलावून घेतले. पशुवैद्यांनी रक्त तपासले. गोचिडांमुळे होणारा ताप निघाला. रक्तातील प्लेटलेट्स फार उतरल्या होत्या. कुत्र्याने सलग २४ तास अन्नाला तोंड लावले नाही तर त्याला दाखवायला आणावे, पावसाळ्यात तर नक्कीच, असे त्यांनी सांगितले. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या शहराला उपचारांची वाण नाही. वाण पडली होती ती पाहणाऱ्या डोळ्यांची.

औषध सुमारे चार आठवडे द्यायचे होते आणि तेही दुधाबरोबर नाही, कारण दुधातील कॅल्शियममुळे त्या औषधाचा गुण कमी होतो. मोतीला काही खाऊ घालण्याची घराला ठाऊक असलेली एकमेव युक्ती दूध हीच होती. अखेर मऊ भाताच्या गोळीत गोळी लपवून, वरून पाणी पाजून ते काम नातीने केले.

चार दिवसांनी क्षमावाणी आली. मंदिरातून परतल्यावर आजी व्हरांड्यात मोतीजवळ बसल्या. गुडघे दुखत असल्याने त्यांना खाली बसणे कठीण जाते. त्या दिवशी त्या बसल्या. हात जोडून त्यांनी मोतीची क्षमा मागितली. व्रत हे जाणून, संकल्प करून, आनंदाने घेतले जाते. ज्याला संकल्प करता येत नाही त्याच्या यातनेला आपण व्रताचे नाव दिले, हे त्यांना लागून राहिले होते.

मोती बरा झाला आणि मग उलटे पर्व सुरू झाले. आता त्याने वाडगे सोडले की साऱ्या घराच्या पोटात गोळा येई. एकाने पनीर आणावे, दुसऱ्याने तूप ओतावे, तिसऱ्याने हाताने घास भरवावा. शेजारच्या एकाने मांसरसाचा सल्ला दिला. तो अर्थातच मान्य होणारा नव्हता, पण मनात भीती पेरून गेला. आपल्या धर्मापायी या मुक्या जीवाची उपासमार तर होत नाही ना?

पशुवैद्यांनी ही भीती दूर केली. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून कुत्रा धान्य पचवायला शिकला आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक आढळतात. मांजराचे तसे नाही. त्याला मांसाहाराशिवाय निभावणे अवघड. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, मात्र तो आहार समतोल हवा. नुसती दूध-पोळी म्हणजे समतोल नव्हे. डाळ, भात, भाजी, पनीर किंवा दही, आणि त्यासोबत वैद्यांनी ठरवून दिलेली जीवनसत्त्वे व क्षार, असे सारे जुळून यावे लागते. मोतीच्या गरम पोळीच्या हट्टाचेही कारण उलगडले. माणसाच्या जिभेवर सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७००. तो चवीपेक्षा वासाने जेवतो आणि कोमट अन्नाचा वास अधिक दरवळतो.

एवढे सांगून त्यांनी एक काम दिले. तीन दिवस मोतीच्या तोंडात जे जे जाईल ते लिहून आणायचे.

हे काम आजींच्या चिरंजीवांनी अंगावर घेतले. आयुष्य जमाखर्चात गेलेला तो गृहस्थ. त्याने दुकानातली एक लाल वही घरी आणली आणि घरातल्या प्रत्येकाला नोंद करण्याची ताकीद दिली. तिसऱ्या रात्री बेरीज झाली. पहाटे दुकानाला निघताना त्याने स्वतः दिलेली बिस्किटे. सूनबाईंची पहिली तूप लावलेली पोळी. नातीचा खाकरा आणि मूठभर शेंगदाणे. कामवाल्या बाईंचा चहात बुडवलेला टोस्ट. आजींचा दुपारचा पेढा आणि शिऱ्याचा घास. वाडग्यात वाढलेले अन्न जवळपास सगळे शिल्लक आणि तरीही मोतीचे पोट दिवसभर भरलेले. प्रत्येकाने आपापली नोंद पाहिली होती. खाते एकत्र कोणी मांडलेच नव्हते. वही मिटताना चिरंजीव एवढेच म्हणाले, ‘आई, हा उपाशी नाही. हा पाच घरी जेवतो.’

वहीने आणखी एक गोष्ट उघड केली. शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षे, मनुका, बेदाणे कुत्र्याला विषासमान; थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ज्यांच्या गोदामात बेदाण्यांची खोकी रचलेली असतात, त्या घराला हे ठाऊक नव्हते. कांदा आणि लसूणही कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, पण त्यांपासून मोती घरच्या आचारामुळे आपोआप वाचला होता.

उरलेल्या अन्नाचाही प्रश्न होता. मोतीचे टाकलेले अन्न रोज फाटकाबाहेर जाई, तेथे गल्लीतली कुत्री जमत आणि शेजाऱ्यांशी कुरबुर होई. या शहरात हा विषय साधा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी भटक्या कुत्र्यांना अन्न घालण्यास मनाई केली होती आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या काही भागाला स्थगिती दिली होती. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी अशा अन्नदानासाठी ठरावीक जागा आणि वेळ असावी असे सांगितले. पण वाडग्यात मोजून वाढले तर उरण्याचा प्रश्नच येणार नव्हता.

उपाय सोपा होता. सकाळ-संध्याकाळ दोन ठरलेल्या वेळा, मोजके कोमट अन्न. वीस मिनिटांत खाल्ले नाही तर वाडगे उचलायचे. पाणी मात्र सदैव भरलेले. मधला खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पहिले जेवण उजाडताच, कारण तापलेल्या दिवशी कुत्र्याची भूक आपोआप मंदावते.

आजींना वाडगे उचलणे पटेना. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतला शेवटचा त्या आठवीत होत्या. आश्रित जीवासमोरचे अन्न उचलायचे म्हणजे दुसरे काय? नातीने सर्वार्थसिद्धीतला अर्थ काढून वाचून दाखवला: गाय-बैल आदींना भूक-तहानेची बाधा करणे म्हणजे अन्नपाननिरोध. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्या तीन दिवसांत झाला तो निरोध. अन्न समोर होतं, पण त्याला खाता काहून येत नाही हे आपण विचारलंच नाही.’ वेळेवर मिळणारे, पोटापुरते, पुन्हा येणार याची खात्री असलेले अन्न हा निरोध नव्हे, नियम आहे. आणि नियम म्हणजे काय हे त्या घरात आजींहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

पहिल्या दिवशी मोतीने वाडग्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्मे खाल्ले. घरातल्या प्रत्येकाने आपला हात आवरणे हेच त्या आठवड्यातले खरे कठीण व्रत होते. नवव्या-दहाव्या दिवशी वाडगे चाटूनपुसून स्वच्छ झाले.

पुढल्या वर्षी दशलक्षण पर्व आले. उत्तम तपाच्या दिवशी सूर्य मावळण्याआधी नातीने मोतीचे वाडगे भरले. आजींचे त्या दिवशीही एकाशन होते. दारातल्या खुर्चीवर बसून त्या मोतीचे जेवण अखेरच्या शितापर्यंत पाहत राहिल्या, मग त्याला जवळ बोलावून कानामागे गोचीड नाही ना, हे बोटांनी चाचपून घेतले आणि आरतीला निघाल्या.