माजघरातला उजेड आणि दोन कॅमेरे

माझ्या माहेरी काळ्या जाड पानांचे तीन आल्बम आहेत. त्यांत गच्ची आहे, मागचे अंगण आहे, तुळशीवृंदावन आहे. दाराबाहेरचा ओटा तर निदान पन्नास वेळा आहे. मुंजी, डोहाळजेवणे, बारशी, मुंबईहून आलेले पाहुणे, सगळ्यांना उन्हात आणून उभे केलेले. आई, काकू आणि आत्या प्रत्येक फोटोत डोळे किलकिले करून पदर सावरीत आहेत. पण ज्या माजघरात या तिघींची हयात गेली, ते माजघर मात्र तिन्ही आल्बमांत कोठेही नाही.

कारण अगदी साधे आहे. वडिलांजवळ आग्फा क्लिक थ्री होता. आमच्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार झालेला. आणि या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान! १२० क्रमांकाच्या फिल्मवर १२ चौकोनी फोटो निघत. स्वस्त, दणकट, कोणालाही चालविता येईल असे यंत्र; पण त्याला ऊन लागे. घराच्या पोटातला उजेड त्याच्या आवाक्याबाहेरचा होता आणि फ्लॅशचा दिवा घ्यावा अशी चैन वडिलांना कधी सुचली नाही. त्यामुळे पुरुषांचा ओटा आल्बमात आला आणि बायकांचे माजघर राहून गेले.

आता हे घर दिवाळीनंतर उतरविणार आहेत. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत अशी घरे एकेक करून गेलीच आहेत, त्यात कोणाचा दोष नाही. लाकूड किडले, वारस पांगले. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जेथे जेथे आपली जुनी वस्ती आहे तेथील वाचकांना मी याहून अधिक सांगावयास नको. घरात आत्या एकटी राहते. वय ९१. साऱ्या गल्लीची ती फोई. शेजारच्या गुजराती मुलांनी दिलेले नाव आता आमच्या भाच्यांच्याही तोंडी बसले आहे. घर उतरल्यावर ती माझ्याकडे येईल. म्हणजे त्या माजघरात बसलेली आत्या टिपावयास हाताशी होते ते पाच महिने.

मी शाळेत चित्रकला शिकवीत असे. माझ्याजवळ फिल्मच्या दिवसांतले एक ५० मिलिमीटरचे निकॉनचे भिंग आहे. त्याचा कॅमेरा केव्हाच निकामी झाला. तेव्हा नवा कॅमेरा घ्यावयाचा ठरले आणि घरात चर्चेला ऊत आला.

पहिला प्रश्न अर्थातच यजमानांचा. “अगं, मोबाईल आहे ना? त्यात काय कमी येतं?” प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर “काही नाही” असेच असावे. पण मी माजघरात मोबाईलने फोटो काढून पाहिले होते. मोबाईल अंधाराला आजारच समजतो. तो एका क्षणी अनेक फोटो घेतो, ते एकमेकांत मिसळतो, सावल्या उचलून उजळ करतो. त्याच्या फोटोत आमचे माजघर दिवाणखान्यासारखे लख्ख आले. कोनाडे दिसले, पण काळोख गेला. आणि चौकाकडच्या एकाच खिडकीतून येणारा उजेड आत्याच्या गालापर्यंत पोचून तेथेच संपतो, हेच तर मला हवे होते.

माझ्या बहिणीचा मुलगा या विषयातला जाणकार. त्याने दोन नावे पुढे केली. एक निकॉनचा डी ७५०, २०१४ सालचा, आता वापरलेलाच मिळणारा. दुसरा त्याच कंपनीचा झेड ५, २०२० सालचा. झेड ५ ची सुधारलेली आवृत्ती २०२५ मध्ये निघाल्यामुळे हा मूळचा जरा उतरत्या किमतीत मिळत होता. तरी जुना त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत येत होता.

बाजारात कॅमेरा विकताना पहिल्याने मेगापिक्सेलचा आकडा सांगतात. येथे गंमत अशी, की दोहोंचा आकडा एकच: २४.३. आतले प्रकाश टिपणारे पटलही दोहोंत सारख्याच मापाचे, ३६ गुणिले २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढे. सहा वर्षांत मग बदलले काय? भाच्याने मला कागदावर चित्र काढून दाखविले. जुन्यात भिंगाच्या मागे आरसा आहे. आपण डोळा लावतो तेव्हा तो आरसा खरा उजेडच वर पाठवितो आणि बटण दाबताच खटकन बाजूला होतो. नव्यात आरसाच नाही. पटलावर पडलेले चित्र एका इवल्या पडद्यावर दिसते आणि आपण तो पडदा पाहतो. आरसा गेला म्हणून यंत्र सडपातळ झाले: जुन्याचे नुसते धड ७५० ग्रॅम, नव्याचे ५९०. शिवाय नव्यात पटलच हलत्या बैठकीवर बसविले आहे. हात थरथरला की ते उलट दिशेने सरकते आणि चित्र स्थिर राहते. माणसाचा डोळा ओळखून नेमका तेवढाच स्पष्ट धरण्याची विद्याही नव्याला येते.

हे ऐकून कोणीही नवाच घेईल. मीही मनाने तिकडे झुकले होते.

पण माझे जुने भिंग आडवे आले. निकॉनने १९५९ मध्ये भिंग बसविण्याची जी खोबण ठरविली, ती साठ वर्षे चालली. २०१८ मध्ये झेड मालिकेसाठी निराळी, रुंद खोबण आली. जुनी भिंगे नव्याला बसविण्यासाठी कंपनी एक जोडकडे विकते आणि ती व्यवस्थित बसतातही. परंतु माझे भिंग ‘डी’ जातीचे. त्याच्या पोटात मोटर नाही. कॅमेऱ्यातली मोटर एका बारीक पेचकसासारख्या दांडीने ते फिरविते. डी ७५० मध्ये ती मोटर आहे. झेड ५ मध्ये नाही आणि त्या जोडकड्यातही नाही. म्हणजे नव्यावर माझे भिंग हातानेच फिरवावे लागणार. आणि डोळा ओळखण्याची ती सारी विद्या हवी तर नवे भिंगही विकत घ्यावयाचे. दुकानात किंमत विचारताना आपण नेहमी धडाची विचारतो. जुने सामान घरात असणाऱ्याने आधी भिंगाची चौकशी करावी.

आकडे पुष्कळ झाले. मी भाच्याला म्हटले, “मला दोन्ही एक दिवस घरी आणून दे.” जुना विकणाऱ्या गृहस्थांनी विश्वासाने दिला, नवा दिवसाच्या भाड्याने आणला, जोडकड्यासकट. सकाळी दहाला आम्ही माजघरात उभे राहिलो. ट्यूब बंद, खिडकी उघडी.

प्रथम देवघर. खांबांवरचे कोरीव पोपट, समईचा डाग पडलेली फरशी. नव्याने येथे खरोखर थक्क केले. सेकंदाच्या आठव्या भागाइतका वेळ शटर उघडे ठेवूनही, नुसत्या हातात धरून, फोटो स्थिर आला. आयएसओ केवळ ४००. (हा आकडा म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची भूक वाढविण्याची किल्ली, ती जितकी पिळावी तितका फोटोत रव्यासारखा दाणा उमटतो.) जुन्यावर तोच फोटो हातात धरून काढावयाचा तर निदान साठाव्या भागावर जावे लागले आणि आयएसओ ३२०० पर्यंत चढवावा लागला. वय ६६ झाले, हात पूर्वीसारखा राहिला नाही. साठाव्या भागावरही तीनांपैकी एक फोटो हललेला. डोळा लावून पाहावयाची गोष्टही तीच. जुन्याच्या आरशातून माजघर जसे आहे तसेच अंधारे दिसे आणि कोनाड्याची कड चाचपडावी लागे. नव्याच्या पडद्यावर ती उजळून, मोठी करून पाहता येई.

मग आत्याला खिडकीशी बसविले. येथे सारे पारडे फिरले.

आत्याची मान वयामुळे अगदी बारीक हलत असते. तिला स्वतःला ते ठाऊक नाही. आठव्या भागावर देवघर स्थिर आले तसा तिचा चेहरा येईना. बैठकीवरचे पटल माझा हात सावरते, तिची मान कशी सावरणार? चेहऱ्यासाठी दोन्ही यंत्रांना सव्वाशेव्या भागावरच जावे लागले, दोन्हींचा आयएसओ ६४०० झाला आणि संगणकावर मोठे करून पाहिले तर दाणा इतका सारखा की कोणता कशाने काढला हे भाच्यालाही नाव वाचूनच सांगता आले. जेथे माझी खरी गरज होती तेथे सहा वर्षांचे अंतर दिसलेच नाही. उलट जुन्याने माझे भिंग स्वतः फिरवून डोळ्यांवर धरले. नव्यावर मी हाताने जुळवीपर्यंत आत्या खिडकीबाहेर कावळा पाहू लागलेली असे.

आणि आवाज. नवा पूर्ण मुक्याने फोटो काढू शकतो. भाच्याला वाटले, फोईला कळणारही नाही, सहज फोटो मिळतील. पण आत्याला आता अंधूक दिसते. फोटो म्हणजे ‘खट्’ होईपर्यंत श्वास रोखून बसावयाचे, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मुका कॅमेरा समोर धरल्यावर ती ताठ बसून राहिली, बसूनच राहिली आणि शेवटी म्हणाली, “अगं, काढलास की नाही?” जुन्याचा आरसा खटकन वाजला की तिचे खांदे खाली येत, ती पदर सोडून देई, काहीतरी बोलू लागे, आणि पुढचा फोटो आत्याचा येई. नव्याचाही आवाज सुरू करता येतो हे खरे, पण तो हलका, तिच्या कानापर्यंत न पोचणारा. शिवाय संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात मुक्याने काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे उमटले. पटल ओळीओळीने वाचले जाते आणि दिवा मधल्यामध्ये लुकलुकतो, त्याचा हा परिणाम.

एवढे पाहिल्यावर हिशेब सोपा झाला. देवघर, तुळया, जाते, उतरंड ही जागची हलत नाहीत. त्यांच्यासाठी हात स्थिर करणारे महागडे यंत्र नको, एक तिपाई पुरते. हलते ती आत्या. आणि तिच्यासाठी दोन्ही सारखे. मी डी ७५० घेतला आणि वाचलेल्या पैशांतल्या थोड्याशात एक चांगली जड तिपाई.

यजमानांची शंका अजून होतीच: “अहो बाईसाहेब, ही जातच आता संपत चालली. उद्या सुटे भाग कोठून आणाल?” बरोबर आहे. आरशाचा शेवटचा नवा कॅमेरा निकॉनने २०२० मध्ये काढला. पुढची सारी धाव झेडच्याच वाटेने आहे. पंचविशीतल्या कोणी मला विचारले, किंवा अंगणात धावणाऱ्या नातवंडांसाठी कोणी घेत असेल, तर मी नवाच सुचवीन. पळते पोर आणि त्याचा डोळा धरण्यात जुना त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण मला उद्याची तजवीज करावयाची नव्हती. दिवाळीपर्यंतची करावयाची होती.

वापरलेला घेताना मात्र मी घाई केली नाही. शटर किती वेळा उघडले याची नोंद कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर ठेवतो. संगणकावर ती वाचता येते. हे शटर १,५०,००० वेळांसाठी पारखलेले असते, आणि मला मिळालेले ३१,००० च्या आसपास चाललेले होते. याच जातीच्या काही कॅमेऱ्यांच्या शटरसंबंधी कंपनीने २०१५ मध्ये स्वतः सूचना काढून ती फुकट दुरुस्त करून दिली होती, म्हणून क्रमांकही ताडून पाहिला. छिद्र अगदी बारीक करून पांढऱ्या आभाळाचा फोटो काढला; पटलावर धूळ असेल तर तेथे काळे ठिपके दिसतात. आणि भिंगात बॅटरीचा झोत सोडून पाहिला. बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या भिंगांना बुरशी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ते भिंग घेऊ नये.

आमच्या शहराला फोटोंचे वेड नवे नाही. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी अखेरची वर्षे येथेच काढली आणि २०१२ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात शिकविणारे ज्योती भट्ट तर गावोगाव हिंडले आणि भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या त्यांनी पुसल्या जाण्याआधी टिपून ठेवल्या. एवढ्या मोठ्या माणसांशेजारी आमच्या माजघराचे नाव घेणे बरे नव्हे. पण भिंत पडण्याआधी तेथे पोचले पाहिजे, हे मला त्यांच्या फोटोंनीच शिकविले.

आतापर्यंत चारशेच्या वर फोटो झाले आहेत. त्यांतले साठ कागदावर छापून घेतले आणि चौथ्या आल्बमात लावावयास सुरुवात केली. आत्याला ते दिसत नाहीत. मी एकेक सांगत जाते आणि ती बोटाने कागद चाचपीत दुरुस्त्या करते. “उतरंडीतली सगळ्यात वरची बोळकी तुझ्या आजीची, खालची मी मांडवीतून आणलेली,” असे काही. ते मी फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिते. काजळी धरलेली चुलीवरची तुळई तेवढी राहिली आहे. तिच्यावर उजेड सकाळी साडेनऊच्या सुमारास येतो, जेमतेम दहा मिनिटे. रविवारी तिपाई घेऊन लवकर जावयाचे आहे.