बंद खात्यातला ऐवज

अंघोळीचा फोटो. आजी दोन वर्षांच्या नातवाला न्हाऊ घालते आहे. असा एखादा फोटो आपल्या घराघरांत असतो. गुजरातमधल्या एका अभियंत्याने स्वतःचा असा बालपणीचा फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवला. गूगलने तो बालशोषणाचा मजकूर ठरवून 2023 मध्ये त्याचं खातंच बंद केलं. मेल गेली, तिच्याबरोबर कामधंदाही बसला. कंपनीकडे दाद मागून उपयोग झाला नाही. वर्षभराने साठवलेलं सगळं पुसलं जाणार होतं, म्हणून तो उच्च न्यायालयात गेला. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने गूगलला नोटीस काढली. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर ओलांडलं की गुजरातच लागतं. असे फोटो आणि अशा आज्या इकडेही आहेत.

गिऱ्हाइकांची यादी. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते तेव्हा तिचा फोटो आणि भाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. समोरून ‘पाठवा’ एवढंच उत्तर येतं आणि सौदा होतो. नंबरवर बंदी आली, तर कोणाला काय भाव सांगितला होता याचा पुरावाही हाती राहत नाही.

पावरी बोलीतली गाणी. मला सर्वांत जास्त धास्ती यांची वाटते. धडगाव-मोलगीकडची पोरं आपल्या आज्यांची गाणी, काठी गावच्या होळीतले ढोल, लग्नातले नाच मोबाइलवर टिपतात आणि यूट्यूबवर चढवतात. फोन भरला की मूळ फाइल पुसतात. मग चॅनल हीच एकमेव प्रत. लग्नात मागे बँडवर सिनेमाचं गाणं वाजत असलं, तरी कॉपीराइटचा दावा लागू शकतो. गाण्याच्या मालकाने व्हिडिओ काढायला लावला, तर स्ट्राइक बसतो. नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राइक बसले की चॅनल बंद होऊ शकतं, आणि त्याबरोबर त्या पोराचे बाकीचे व्हिडिओही जातात. गाणारी म्हातारी तोवर हयात असेलच असं नाही, आणि तिचं गाणं कुठल्या पुस्तकात छापलेलंही नसतं.

जुना नंबर. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाचं रिचार्ज राहून जातं. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. मग खात्याचा ओटीपी परक्याच्या खिशात वाजतो. व्हॉट्सअ‍ॅप तर 120 दिवस वापर नसेल तर खातं पुसूनच टाकतं. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज ते आधार हातात धरून माणूस उभा राहिला, तरी ओटीपीवाचून त्याला स्वतःचं खातं उघडता येत नाही.

विचारायची खिडकी. बँकेने खातं गोठवलं तर मॅनेजरच्या टेबलापुढे जाऊन बसता येतं. ऑनलाइन खातं बंद झालं तर ठरावीक साच्यातली मेल येते. पण कायद्याने वाट ठेवली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे हे मला खुपतं. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तक्रार पोचल्याचं त्याने 24 तासांत कळवायचं. निकालाची मुदत आधी 15 दिवसांची होती, फेब्रुवारी 2026 पासून ती 7 दिवसांची आहे. समाधान झालं नाही तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. ही सोय 1 मार्च 2023 पासून आहे.

ग्राहकपण. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फुकट सेवा बाहेर ठेवली आहे. आपली माहिती घेऊन चालणारी सेवा फुकट कशी, हे मला पटत नाही. पण कायद्याचे शब्द तसे आहेत. साठवणुकीसाठी दरमहा पैसे भरणारा मात्र ग्राहक ठरू शकतो. तो राहतो तिथे, म्हणजे नंदुरबारच्या जिल्हा आयोगातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी विचारपूस करायची तर 1915 हा हेल्पलाइन नंबर आहे. कंपनीच्या अटीच अन्यायकारक आहेत असं म्हणायचं असेल, तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. थेट दिल्ली गाठण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅप बंद झाल्याची एक याचिका ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप वापरणं हा मूलभूत हक्क आहे का, असंच न्यायालयाने विचारलं. याचिका मागे घ्यावी लागली.

पैसे भरल्याची पावती. आयोगापुढे तीच लागते, आणि ती बहुधा त्याच बंद मेलमध्ये अडकलेली असते. खातं चालू आहे तोवर ती छापून घरच्या फायलीत लावून ठेवावी.