कडी

न्हाणीघराची कडी लावायची नाही, हा आईचा नियम माझ्या पहिल्या फिटइतकाच जुना. दार नुसतं लोटायचं. आत काही झालं तर फोडावं लागू नये. नियम शहाणपणाचाच होता, डॉक्टरांनीही नंतर तोच सांगितला. पण बाहेरून सारखी हाक यायची आणि ओ दिली नाही की दार उघडायचं. मग मी आंघोळ करताना मोठ्यांदा गाणी म्हणायला लागले. पाहुण्यांना वाटे, पोरीला गाण्याची भारी आवड.

माझी फिट मी कधी पाहिलेली नाही. मेंदूतल्या पेशींमध्ये विजेचा कल्लोळ उठतो, दोन-तीन मिनिटांत शमतो, आणि मला शुद्ध येते ती चावलेल्या जिभेसकट. भोवती चेहरे. कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या हातात कांदा. त्यांनी मला पाहिलेलं असतं, मी मात्र नाही. अंग दुखायचं थांबतं. हे मात्र खुपत राहतं.

वसतिगृहात मी कडी लावली. बादली भरेपर्यंत छाती धडधडत होती, पण ती धडधड माझी एकटीची होती.

हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी बसवलेला अपस्मार १९९९च्या दुरुस्तीने निघाला. स्थळं आणणाऱ्यांच्या वह्यांपर्यंत ती दुरुस्ती पोचली नव्हती. 'सांगायचं कशाला?' असं मावशी म्हणाली. मी सांगितलं. दोन स्थळं गप्प झाली. तिसऱ्याने, फिट आली तर नक्की काय करायचं, एवढंच विचारलं. आता मी आंघोळीला गेले की तो पॅसेजमध्ये पेपर वाचत बसतो. पान काही लवकर उलटत नाही, हे मला आतून ऐकू येतं.

गोळ्यांनी फिट्स बऱ्याच वर्षांपासून आटोक्यात आहेत. परवा नवं दार बसवलं, तेव्हा बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशी कडी मागितली. सुताराने विचारलं, "घरात लहान मूल आहे का ताई?"

"नाही, माझ्यासाठी. मला फिट येते."

त्याचा रंधा थांबला. त्याच्या भाच्याला येते म्हणे. शाळेतून काढलंय, गावी अंगारा चालू आहे. मी म्हटलं, आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, गोळी चुकवू नका. आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा; पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. आणि शाळेत पाठवा.

कानावरची पेन्सिल काढून त्याने प्लायच्या तुकड्यावर सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि पोहायला?"

"सोबत कुणी असेल तरच," मी म्हटलं.