पाठ टेकली की नाही?

2 फेब्रुवारी 2025 रोजी नगरच्या वाडिया पार्कवर ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेच्या गादी विभागाची अंतिम लढत झाली. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असे राक्षेचे म्हणणे होते. चित्रफीत पाहावी, ही मागणी मान्य झाली नाही आणि संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनेही निर्णयावर आक्षेप घेऊन आखाडा सोडला. मोहोळ विजयी ठरला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर 3 वर्षांची बंदी आली.

पंचांवर पाय उचलणे कोणत्याही सबबीखाली क्षम्य नाही. तथापि मागणी आणि लाथ या दोन वेगळ्या गोष्टी होत. दोन्ही खांदे एका क्षणी टेकले की नाही, हे पंच ज्या बाजूला असतात त्या बाजूनेच त्यांना दिसते. दुसऱ्या बाजूचे कॅमेरा पाहतो. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे गिऱ्हाइकालाही दिसावे लागतात, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. माप चोख असूनही आकडा झाकलेला असेल, तर गिऱ्हाईक शंका घेऊनच पायरी उतरते. त्या सायंकाळी नगरचे हजारो प्रेक्षक तसेच परतले.

कॅमेरा अलीकडचा; कुस्तीतील साधनांची विषमता मात्र फार जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लाला गादी नवखी होती. तरीही ते सहावे आले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. गहाणखताच्या आधारावर मिळालेले हे बहुधा देशातील एकमेव पदक असावे!

मातीवरील निकाली कुस्तीला घड्याळ नसते, गुणही नसतात; दमसास आणि पकड यांवर ती चालते. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक हालचालीला गुण आणि पायांत बूट. शरीर तेच असले तरी सवयी निराळ्या लागतात. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता व गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांसमोर येतात, ते मात्र गादीवर. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर 2020 मध्ये गादीवरूनच किताबापर्यंत पोहोचला. उलट 2018 मध्ये जालन्यात माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने गादीवाल्या अभिजित कटकेला हरवले. म्हणजे माती हा शाप नव्हे. परंतु सराव कोणत्या पृष्ठभागावर झाला, हे मल्लाच्या गुणवत्तेपेक्षा त्याच्या पत्त्यावर ठरत असेल, तर स्पर्धा समान कशी म्हणावी?

जलतरणात हा प्रश्न एका फटक्यात सोडवला गेला. 2009 च्या रोम जागतिक स्पर्धेत नव्या धर्तीचे पोशाख घालून जलतरणपटूंनी 43 विश्वविक्रम केले आणि 1 जानेवारी 2010 पासून त्या पोशाखांवर बंदी आली. पोशाख काढून टाकता येतो. गादी काढून टाकता येणार नाही, कारण ऑलिंपिकची कुस्ती तिच्यावरच होते. ती गावोगावी पोहोचवणे एवढाच मार्ग उरतो.

नगर जिल्ह्यात यात्रांच्या दिवसांत गावोगाव हगामे भरतात. शेवटच्या कुस्तीचे इनाम बहुधा बाजारपेठेतील मंडळींच्या वर्गणीतून येते आणि देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून दोन-तीनदा पुकारले जाते. इनाम त्याच सायंकाळी एका मल्लाबरोबर गावाबाहेर जाते. तालमीत अंथरलेली गादी वर्षानुवर्षे शंभर पोरांच्या अंगाखाली राहते, पण तिच्या देणगीदाराचे नाव पुकारण्याची प्रथा अजून कोणत्या यात्रा कमिटीने पाडल्याचे दिसत नाही.