उरलेल्या पैशांचं काय झालं?

माझी सगळी नोकरी चर्चगेटजवळच्या एका कचेरीत, लेखा विभागात गेली. चहाच्या बिलाला व्हाउचर जोडलेलं नसलं तर मी फाइल परत पाठवायचो. साहेबाची असली तरी. या खडूसपणाचा मला अभिमान होता. पण संध्याकाळी विरारला उतरून नंदाखालच्या रिक्षात बसलो की हा कारकून कुठे गायब व्हायचा कोण जाणे. आळीत मी ‘विश्वासाचा माणूस’ होतो. क्रुसाच्या सणाची वर्गणी, कुणाच्या आजारपणाची मदत, मयताच्या घरी द्यायचे पैसे, सगळं माझ्याकडे. वही नाही, पावती नाही. शर्टाच्या खिशात एक पाकीट आणि बाकी सगळं डोक्यात.

माझी ठाम समजूत होती, की देवाच्या कामात हिशेब विचारतो तो श्रद्धेत कच्चा. हे मी मनात ठेवत नव्हतो, बोलून दाखवत होतो. एकदा आळीच्या बैठकीत एका तरुणाने सणाच्या मंडपाला किती खर्च आला असं साधंच विचारलं. मी म्हणालो, “तू देवाला दिलेस की माणसाला? देवाला दिले असशील तर त्यालाच विचार.” सगळे हसले. त्यानंतर तो मुलगा बैठकीला आला नाही. त्याच्यात श्रद्धा नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत फिरलो. आज ते आठवलं की वाटतं, त्या बैठकीत खरी लाज मलाच वाटायला हवी होती.

त्यातली विसंगती तेव्हा मला कशी दिसली नाही? फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या नंदाखालचे. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते उभे राहिले, वसईच्या हिरव्या पट्ट्यावर कुणाचा डोळा आहे, विहिरींचं पाणी टँकर भरभरून कुठे जातं, हे त्यांनी भर सभेत विचारलं, तेव्हा माझी छाती फुगली होती. धर्मगुरूने सत्तेला जाब विचारावा, हे मला ख्रिस्ती श्रद्धेचं खरं रूप वाटायचं. म्हणजे सरकारला विचारायचं, बिल्डरला विचारायचं, गुंडालाही विचारायचं. मला तेवढं कुणी विचारायचं नाही.

तडा गेला तो एका बायपासच्या पैशांवरून.

आळीतल्या एका रिक्षावाल्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. घरात तो एकटाच कमावता. दोन रविवारांत पैसे जमले. कुणी पाचशे दिले, कुणी पाच हजार. पुढे बराचसा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागला आणि जमलेल्यातले पैसे माझ्याकडे उरले. माणूस बरा होऊन घरी आला होता. पावसाळ्याआधी आळीच्या क्रुसाला रंग द्यायचाच होता, भिंतीला ओल धरली होती. मी कुणाला न विचारता त्या पैशांतून रंगारी लावला. एक रुपयाही घरी नेला नाही. देवाचे पैसे देवाला, यात विचारायचं काय?

मे महिन्यात क्रुसापाशी जपमाळेला सगळे जमतात. प्रार्थना संपली, उकडलेले चणे वाटून झाले, पोरं पांगली. तेव्हा एक मावशी माझ्याजवळ येऊन बसली. लाल लुगडं नेसणाऱ्या आमच्याकडच्या शेवटच्या पिढीतली ती. पहाटेची लोकल पकडून दादरला सोनचाफा विकण्यात तिचा जन्म गेला. तिने चण्यांची सालं पदरातून झटकली आणि विचारलं, “त्या ऑपरेशनच्या पैशांतले उरले असतील ना रे? त्यांचं काय झालं?”

मी क्रुसाकडे बोट दाखवलं. “हा रंग काय आपोआप लागला?”

ती क्रुसाकडे बघून म्हणाली, “रंग चांगला झालाय. पण मी क्रुसाला दिले नव्हते. आजारी माणसाला दिले होते. क्रुसाला मागितले असतेस तर वेगळे दिले असते.”

माझं डोकं तापलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी आवाज चढवला, “मावशी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

“आहे म्हणून तर तुला विचारते. नसता तर दुसऱ्यांना विचारलं असतं.”

एवढं बोलून ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरी गेली.

त्या रात्री मला अपराधी वाटलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला राग आला होता. बायकोपुढे मी त्या मावशीची यथेच्छ निंदा केली. चार फुलं विकून ही मला शिकवते, असंही बोललो. बायको भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “त्याच्या औषधांना महिन्याला किती लागतात, ते विचारलंत का कधी?”

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रिक्षावाल्याच्या घरी गेलो, खरं तर स्वतःची बाजू बळकट करायला. तो ओटीवर बसला होता. रिक्षा भाड्याने दुसऱ्याकडे दिलेली. बोलता बोलता कळलं, की मेडिकलवाल्याकडे त्याची उधारी साचली होती आणि महिन्याच्या गोळ्या तो दोन महिने पुरवत होता. एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही. “एवढं केलंत तुम्ही सगळ्यांनी, आता आणखी कुठल्या तोंडाने मागू?” असं तो मला म्हणाला. त्याच्या गोळ्यांचे पैसे तेव्हा क्रुसाच्या भिंतीवर वाळत होते आणि त्याची बायको रोज संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावून येत होती.

खरं तर माझं मन तिथेच, त्या ओटीवर बदललं. पुढचं सगळं त्याला आधार शोधणं होतं. पण तो आधार इतका जवळ असेल असं वाटलं नव्हतं. फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आमच्या घरी आहे. 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा कौतुकाने घेतलेलं. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय मी आधीही वाचला होता, पण दानाबद्दल काहीतरी आहे एवढंच लक्षात होतं. आता नीट वाचला. जेरुसलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पौल एकटा घेऊन जात नाही. सोबत माणसं घेतो. त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडून दिलेला. का, तर या पैशांवरून कुणी बोट दाखवू नये आणि व्यवहार देवासमोर तसा माणसांसमोरही स्वच्छ दिसावा. विश्वासावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या पौलाला सोबत साक्षीदार लागले. मला मात्र खिशातलं पाकीट पुरत होतं!

एका धर्मगुरूंना भेटून विचारलं. ते म्हणाले, चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेत हे सगळं आहे. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, अर्थसमिती हवी. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायला हवा. आणि ज्या कारणासाठी दान दिलं, त्याच कारणासाठी ते वापरायला हवं. हे शेवटचं ऐकताना मला मावशी आठवली. तिने ती संहिता कधी पाहिलीही नसेल. आमची आळी म्हणजे काही धर्मग्राम नव्हे, आमचा फंड खासगीच. पण तेवढ्याने मी सुटत नव्हतो. पैशांचा हिशेब ठेवायला हवा, हे आमच्या पूर्वजांना तर केव्हाच कळलं होतं. मॉन्सिनॉर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये बॅसीन कॅथॉलिक बँक सुरू केली ती लोकांची सावकारांच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून. धर्मगुरूने उभी केलेली बँक, तरी ती वहीखात्यावरच चालली. त्याच बँकेत माझं खातं होतं आणि पासबुक मी दर महिन्याला भरून घ्यायचो.

मग मी हिशेब लिहायला बसलो. आठवेल तसा. बरंच आठवलं, सगळं नाही. एक रक्कम काही केल्या जुळेना. मी खाल्ली नव्हती हे मला माहीत होतं, पण ते दाखवायला कागद नव्हता. व्हाउचर नाही म्हणून मी कचेरीत कितीजणांना परत पाठवलं असेल!

तो कागद घेऊन क्रुसापाशी उभं राहायला मी घाबरलो होतो. पापनिवेदनाला मी वर्षानुवर्षं रांगेत उभा राहिलो आहे. तिथे बोलणं सोपं जातं, तिथली गोष्ट बाहेर जात नाही. इथे समोर सगळी आळी. 2025 चं पवित्र वर्ष आशेचं म्हणून पाळलं जात होतं, प्रवचनात आशा हा शब्द सारखा कानावर पडत होता आणि मला तो गुळमुळीत वाटायचा. त्या संध्याकाळी तो मला पहिल्यांदा लागू पडला. खरं सांगितल्यावरही ही माणसं मला टाकणार नाहीत, यावर भिस्त ठेवल्याशिवाय तो कागद वाचताच येत नव्हता. स्वतःच्या अब्रूवर माझी श्रद्धा पक्की होती. शेजाऱ्यांवर मात्र नव्हती.

मी वाचलं. न जुळलेली रक्कम सांगितली आणि ती माझ्या पेन्शनमधून भरतो म्हणालो. रंगाचे पैसे वेगळी वर्गणी काढून औषधांच्या खात्यात परत टाकायचं ठरलं. कुणी रागावलं नाही, कुणी शाबासकीही दिली नाही. एकाने एवढंच विचारलं, की रंगाचा डबा इतका महाग कुठून आणला.

आता आमच्या फंडाला वही आहे, बँकेत दोघांच्या सहीचं खातं आहे आणि त्यातली एक सही माझी नाही. मेडिकलची उधारी फिटली. ज्या मुलाला मी गप्प केलं होतं, त्याच्या घरी जाऊन आलो. त्याने चहा दिला, पण बैठकीला अजून येत नाही. तो त्याचा हक्क आहे.

तुमच्या आळीत, मंडळात, चर्चमध्ये किंवा देवळात असा एखादा विश्वासाचा माणूस असेल, तर त्याला जरूर हिशेब विचारा. तो रागावेल, मीही रागावलो होतो. तरी विचारा.