बिऱ्हाड पाहावे उन्हाळ्यात

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडची जुनी म्हण आहे. तिच्यात तिसरी गोष्ट घालायची तर ती म्हणजे भाड्याचे घर पाहावे शोधून. सरकारी नोकरीमुळे अमरावती आणि अकोला या दोन गावांत माझे बिऱ्हाड सात वेळा हलले. त्या बदल्यांनी मला पिकांइतकेच घरांविषयीही शिकवले. पण हा लेख लिहावासा वाटला तो माझ्या बिऱ्हाडासाठी नाही, एका कास्तकार मित्राच्या लेकीसाठी.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग लागून चार-सहा दिवस झाले होते. दर्यापूरकडच्या या मित्राचा रात्री फोन आला. "साहेब, पोरीले अमरावतीले ॲडमिशन भेटली. कॉलेजच्या होस्टेलात जागा नाही म्हणतात. उद्या येतो. एखादी खोली पाहून द्या."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बापलेक आले. आभाळ भरून आले होते. मित्राचा एक डोळा घड्याळाकडे आणि एक आभाळाकडे. पाऊस पडला तर पेरणी, म्हणजे संध्याकाळच्या आत गावी परतायचे. खोली शोधायला हातात होते पाच-सहा तास.

आम्ही गाडगेनगर, राठीनगर, शेगाव नाका असा फेरा धरला. अमरावतीचा हा भाग विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा. फाटकाफाटकावर पाट्या दिसतात, 'खोली भाड्याने देणे आहे', 'फक्त मुलींसाठी', 'डब्याची सोय'. पहिल्याच घरी बाईंनी खोली दाखवली. स्वच्छ, हवेशीर, खिडकीबाहेर कडूनिंब. पोरीचा चेहरा खुलला. मग बाईंनी विचारले, "आडनाव काय म्हणालात?" मित्राने सांगितले. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, विसरलेच मी. परवाच एकाला शब्द दिला आहे."

आम्ही बाहेर आलो. पाटी फाटकावर तशीच होती. मित्र हसून म्हणाला, "पाटी काढाची राह्यली असन त्याहीची." पोरगी काही बोलली नाही. तिने ओढणी सारखी केली आणि पुढे चालू लागली.

तिथून जवळच संत गाडगेबाबांची समाधी आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी अमरावतीजवळच देह ठेवला. आयुष्यभर त्यांनी स्वतःसाठी झोपडी बांधली नाही, पण परगावी आलेल्या गोरगरिबांना पाठ टेकायला जागा हवी म्हणून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांतलीच. ज्या वस्तीला त्यांचे नाव, तिथे उताऱ्याला आलेल्या लेकरांना आडनाव विचारले जाते, हे लिहिताना लाज वाटते. सगळी घरे अशी नसतात, हेही तितकेच खरे. पण हा प्रश्न कधी ना कधी येतो, आणि तो आला तर लेकराने खाली मान घालायची नाही, हे घरूनच सांगून पाठवावे. कमीपणा विचारणाऱ्याचा आहे.

दुसऱ्या खोलीचे भाडे परवडले नाही. तिसरी खोली गच्चीवरची होती. स्लॅब तापलेला, पाण्याची टाकी शेजारी, खिडकी पश्चिमेला. भाडे महिना ३,००० रुपये आणि दोन महिन्यांची अनामत. म्हणजे हातोहात ९,००० रुपये मोजायचे. घरमालक म्हणाले, "आजच द्या. उद्या दुसरे येणार आहेत."

मित्राने बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. त्या कशाच्या होत्या हे मला ठाऊक होते. बियाणे आणि खताचे पैसे होते ते. ९,००० रुपये म्हणजे डीएपीची सहा-सात पोती. त्याने नोटा दोनदा मोजल्या. पोरगी म्हणाली, "बाबा, मी गावातूनच येणं-जाणं करते." त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही, पैसे घरमालकाच्या हातावर ठेवले. पावती मागायचे त्याला सुचले नाही, आणि घाईत मलाही सुचले नाही. हे माझे चुकलेच.

त्या वर्षी त्याने खत उधारीवर उचलले. उधारीचे खत किती महाग पडते हे शेतकऱ्याला सांगायला नको. पोरीने गच्चीवरचा उन्हाळा ओल्या चादरी खिडकीला टांगून काढला. वर्षाअखेरीस खोली सोडली, तेव्हा रंगाचा आणि दुरुस्तीचा खर्च सांगून घरमालकाने अनामत निम्मीच परत केली. पावती नाही, करार नाही, मग भांडायचे कशाच्या जोरावर?

मी पुष्कळ विचार केला. माणूस लबाड भेटला हे खरे, पण मूळ दुखणे वेगळे आहे. आपल्या घरात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, सीतादही होऊन कापूस घरी आल्यावर, नाहीतर तूर विकल्यावर. खोलीची अनामत मागितली जाते ती जून-जुलैत, म्हणजे घरातला पैसा मातीत घालायच्या दिवसांत. ज्या महिन्यात खिसा रिकामा आणि सवड शून्य, त्याच महिन्यात आपण शहरात घर शोधायला निघतो. बैल घ्यायचा तर आपण चार बाजार फिरतो, दात पाहतो, चालवून पाहतो. लेकराची खोली मात्र तासाभरात ठरवतो.

हा प्रश्न काही नवा नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी तो १९२० च्या दशकातच ओळखला होता. खेड्यातला मुलगा हुशार असूनही शिकत नाही, कारण अमरावतीत त्याला राहायला जागा नाही आणि जेवायला अन्न नाही. म्हणून त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, आणि घरोघरची मूठमूठ धान्य गोळा करून ते चालवले. त्याला मुष्टिफंड म्हणत. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली, ती पुढची पायरी. शिक्षणाआधी निवाऱ्याची तजवीज लागते हे त्यांना कळले होते, कारण ते स्वतः पापळसारख्या खेड्यातून आलेले होते.

मित्रानेही धडा घेतला. पुढच्या वर्षी धाकट्याला अकरावीसाठी अकोल्याला ठेवायचे ठरले. अकोला हल्ली शिकवण्यांचे गाव झाले आहे. या वेळी त्याने तूर विकली त्याच दिवशी अनामतीचे पैसे वेगळे काढून वहिनींच्या नावे बँकेत टाकले. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपली होती. मे महिन्यात, शेत मोकळे असताना, आम्ही तिघे अकोल्याला गेलो. या वेळी वहिनी मुद्दाम सोबत होत्या.

अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण साडेचार दिवसांच्या आत करून विश्वविक्रम नोंदला गेला. रस्ता सुखाचा झाला, पण अकोल्याचे ऊन तेच. दुपारी तीन वाजता आम्ही जठारपेठेत उतरलो. मित्र म्हणाला, "साहेब, या उनात कायले फिरता?" मी म्हणालो, "याच उन्हात फिरायचे. जमीन पाहावी भर पावसात आणि अकोल्याचे घर पाहावे भर उन्हात."

जठारपेठ, तापडियानगर, गोरक्षण रोड अशी मिळून आठ घरे पाहिली. प्रत्येक खोलीत पाच मिनिटे पंखा बंद करून बसलो. कोणती भिंत तापते ते हात लावला की कळते. वरच्या मजल्याची खोली स्वस्त असते, पण तिथे कूलरवाचून गत्यंतर नाही. मग कूलरच्या विजेचे पैसे कोण देणार, वेगळा मीटर आहे का, आणि मुख्य म्हणजे कूलरला पाणी कोण देणार, हे आधी विचारावे लागते.

पाण्याची गोष्ट तर वऱ्हाडात सर्वांत मोठी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या माणसाला खाऱ्या पाण्याची ओळख करून द्यायला नको. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचे पाणी महानहून येते, अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचे सिंभोऱ्याहून येते. पण नळ रोज येईलच असे धरू नये. नळ नसेल त्या दिवशी बोअरचे पाणी, आणि ते कसे असेल सांगता येत नाही. घरमालक म्हणतो, "पाणी भरपूर आहे." त्याचे खरेही असते. वहिनींनी मात्र घरमालकाला विचारलेच नाही. शेजारच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या बाईला विचारले, "डाय शिजते का वो बाई, या पान्यात?" बाई म्हणाली, "बोरच्या पान्यात कायची शिजते! चार शिट्ट्या द्या, दाना तसाच." वहिनींनी ते घर तिथेच सोडले. मी कृषी पदवीधर, माती-पाण्याचे नमुने तपासण्यात नोकरी गेली, पण इतकी सोपी परीक्षा मला सुचली नव्हती.

भिंती पाहायचे काम मी केले. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात भेग पडते तशीच ती कच्च्या पायाच्या घरालाही पाडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली रुंद भेग दिसली तर पाया हललेला असू शकतो. भिंतीच्या बुडाशी पांढरी पापडी दिसली तर तिथे ओल आणि क्षार आहेत, खारवट शेतात दिसतात तसेच. नदीकाठचे घर असेल तर पावसाळ्यात पाणी कुठवर आले होते हे दुकानदाराला विचारावे. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला, तेव्हा अकोल्यात काठच्या वस्त्यांतून पाणी शिरले होते.

शेवटी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी तळमजल्यावरची खोली पसंत पडली. खिडकी उत्तरेला, नळाचे पाणी साठवायला हौद, पोराला डबा द्यायला त्याच गल्लीत एक मावशी. आडनाव त्यांनीही विचारले, पण नोंदवहीत लिहिण्यापुरते.

या वेळी कागद केला. तो कसा करायचा हे सांगतो, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असे अजूनही पुष्कळ लोक समजतात. महाराष्ट्रात तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि तंटा झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. घरमालकाने घेतलेल्या पैशाची पावती द्यायची आहे, आणि भाडेकरूचे पाणी किंवा वीज मुद्दाम तोडायची नाही, हेही याच कायद्यात आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, मुद्रांक शुल्क त्यावर थोडेसे. म्हणजे कपाशीच्या बियाण्याच्या एका पिशवीच्या आसपास. बियाण्याची पावती आपण जपून ठेवतो, तशीच ही ठेवावी. करारात भाडे, अनामत, ती परत करण्याची मुदत, रंगाचा खर्च कोणाचा, आणि खोली सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, एवढे तरी स्पष्ट असावे. राहायला जाताना भिंतींचे, नळांचे, पंख्याचे फोटो काढून ठेवावेत. अनामत शक्यतो बँकेतून द्यावी.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. त्या महाविद्यालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात समजून घ्याव्यात. भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, तिथे हा करार कामी येतो. आणि खोली शोधण्याआधी वसतिगृहाचा अर्ज भरायला विसरू नये.

अकोल्याहून परतताना मित्र बसमध्ये गप्प होता. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाला, "साहेब, हेच पोरीच्या वेळी केलं असतं तं." मी काय बोलणार? वहिनींनीच उत्तर दिले, "तिची अजून दोन वर्सं बाकी हायेत. तिलेही बदलून घेऊ खोली." आणि त्यांनी खरेच बदलून घेतली. पेरणीच्या आधी.